पाया खणण्याआधीची वर्षे : परवडणारी घरे लवकर का उभी राहत नाहीत आणि धोरणाने काय करता येते

तीन-चार मजली साधी इमारत बांधायला आज दीड ते दोन वर्षे पुरतात. गवंडी, सेंट्रिंगवाले, सळई, सिमेंट यांपैकी कशाचीही जळगावात किंवा धुळ्यात वानवा नाही. तरीही कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी एखादी योजना जाहीर झाली की तिच्या चाव्या लोकांच्या हातात पडेपर्यंत त्याच्या कितीतरी पट काळ जातो. बांधकामाची दोन वर्षे वजा केल्यावर उरलेली वर्षे जातात कुठे, हा या लेखाचा विषय आहे. घरबांधणीला गती देणारे नियोजन-धोरण म्हणजे पाया खणण्याच्या आधीचा काळ कमी करणारे धोरण, असे माझे मत आहे. ते खानदेशातील शहरांना लावून पाहिले तर मुंबई-पुण्यासाठी आखलेले कोणते उपाय इथे चालतात आणि कोणते चालत नाहीत, हेही कळते.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत लहान मूल किंवा म्हातारे माणूस घेऊन दुपार काढणे म्हणजे काय, हे इथल्या वाचकाला सांगावे लागत नाही. घर पाच वर्षे उशिरा मिळणे म्हणजे असे पाच उन्हाळे अधिक काढणे.

आधी ‘परवडणारे’ म्हणजे नेमके किती, ते पाहू. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेले कुटुंब आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकात मोडते, तर ३ ते ६ लाख उत्पन्नाचे कुटुंब अल्प उत्पन्न गटात मोडते. समजा, डाळ मिलमध्ये किंवा चटईच्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाच्या घरात महिन्याला १५ हजार रुपये येतात. त्यातील एक तृतीयांश, म्हणजे ५ हजार रुपये तो हप्त्यासाठी काढू शकतो. ९ टक्के व्याजाने २० वर्षांच्या मुदतीवर एका लाखाला महिन्याला सुमारे ९०० रुपये हप्ता बसतो, म्हणजे या माणसाला साडेपाच लाखांच्या आसपास कर्ज पेलते. त्यात अडीच लाखांचे शासकीय अनुदान मिळवले तर एकूण आठ लाख होतात. जमीन, बांधकाम, नळजोडणी, नोंदणी असे सगळे मिळून घर या आकड्यात बसले, तर ते त्याला परवडले. बसले नाही, तर जाहिरातीत काहीही लिहिलेले असो, ते घर त्याच्यासाठी नाही.

आता उशिराची किंमत याच हिशेबात घालून पाहू. समजा, एका बांधकाम व्यावसायिकाने ४० घरांच्या प्रकल्पासाठी एक कोटी रुपयांची जमीन १५ टक्के व्याजाच्या पैशाने घेतली आणि परवानग्या, मोजणी, रस्ता, पाणी यांत तीन वर्षे गेली. साधे व्याज धरले तरी ४५ लाख रुपये होतात आणि प्रत्येक घरामागे सुमारे १ लाख १२ हजारांचा बोजा वाढतो. म्हणजे शासनाने दिलेल्या अडीच लाखांतील जवळजवळ निम्मी रक्कम एक वीटही न लागता संपते. हा हिशेब उदाहरणादाखलचा आहे, पण त्यातले तत्त्व सगळीकडे लागू पडते. अनुदान वाढवत राहिलो आणि विलंब तसाच ठेवला, तर वाढीव अनुदान विलंबच खाऊन टाकतो.

वेळ कुठे जातो

शहराच्या कडेला असलेली शेतजमीन घरांसाठी वापरायची तर क्रमाने बऱ्याच गोष्टी जुळून याव्या लागतात. सातबारावर वारसांच्या नोंदी झालेल्या असाव्या लागतात, भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी होऊन हद्दी कायम व्हाव्या लागतात आणि विकास योजनेत, म्हणजे शहरातील कोणती जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणाऱ्या आराखड्यात, ती जमीन रहिवासी विभागात असावी लागते. त्यानंतर बिनशेतीचा प्रश्न येतो, मग अभिन्यास, म्हणजे ज्याला आपण ले-आउट म्हणतो, तो मंजूर होतो, मग बांधकाम परवानगी आणि महारेराकडील, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडील, नोंदणी होते. शेवटी इमारत राहायला वापरता येते असे सांगणारे भोगवटा प्रमाणपत्र मिळते. यातील प्रत्येक टप्पा वेगळ्या कार्यालयाकडे आहे आणि एक टप्पा अडला की पुढचे सगळे थांबतात.

या साखळीतल्या काही कड्या शासनाने खरोखर सैल केल्या आहेत, त्या मान्य केल्या पाहिजेत. २०१७ मध्ये महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत सुधारणा झाली आणि विकास योजनेत समाविष्ट असलेल्या जमिनीसाठी बिनशेतीची वेगळी परवानगी घेण्याची गरज काढून टाकण्यात आली. आकारणी भरायची आणि नोंद करून घ्यायची, एवढेच ठेवले गेले. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे वगळता संपूर्ण राज्यासाठी एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली. त्याआधी प्रत्येक शहराचे नियम वेगळे होते, त्यामुळे एका गावचा नियम दुसऱ्या गावी चालत नसे. या नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण १६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर घर बांधायचे असेल तर आवश्यक कागद आणि शुल्क भरल्याची पोच हीच परवानगी मानण्याची सोय आहे. १५० ते ३०० चौरस मीटरच्या भूखंडासाठीही जलद मार्ग ठेवला आहे. जळगाव-धुळ्यातले बहुसंख्य स्वतंत्र प्लॉट या दोन गटांतच बसतात. म्हणजे इथल्या सामान्य घरासाठी परवानगीचा अडसर, निदान कागदावर, बराच दूर झालेला आहे.

मोठ्या प्रकल्पांसाठी महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये पूर्वीपासून एक तरतूद आहे. नियमात बसणाऱ्या अर्जावर नियोजन प्राधिकरणाने ६० दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असे मानले जाते. तरतूद चांगली आहे, पण व्यवहारात तिचा उपयोग मर्यादित राहतो, कारण त्रुटीचे पत्र निघाले की दिवसांची मोजणी लांबते आणि कोणतीही बँक अशा मानीव परवानगीच्या भरवशावर कर्जाचा धनादेश काढायला सहजासहजी तयार होत नाही. बँकेला सही-शिक्क्याचा कागद हवा असतो. त्यामुळे मुदत ठरवण्याइतकेच महत्त्वाचे आहे ते सगळ्या त्रुटी एकाच वेळी, पहिल्याच पत्रात कळवण्याचे बंधन. असे बंधन कसोशीने पाळले गेले तर गरीब घरांच्या प्रकल्पांचे कित्येक महिने वाचतील, असे मला वाटते.

मुंबईचे औषध इथे का लागू पडत नाही

परवडणाऱ्या घरांची चर्चा निघाली की पहिला शब्द येतो तो एफएसआय, मराठीत चटई क्षेत्र निर्देशांक. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते, ते हा आकडा सांगतो. मुंबईत १९९५ पासून झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाची योजना याच पायावर चालते. विकासकाने झोपडीधारकांना मोफत घरे द्यायची आणि त्याच्या बदल्यात मिळालेल्या जादा बांधकामातून बाजारात विकायची घरे काढायची. ही योजना चालते ती तिथल्या विक्रीच्या भावावर. एक चौरस फूट कित्येक हजार रुपयांना विकला जात असेल तरच दुसरा चौरस फूट फुकट देता येतो.

जळगाव, धुळे, नंदुरबार किंवा भुसावळ इथे तो भाव नाही. इथे नियमाने मिळणारा मूळ एफएसआय, जो महापालिका क्षेत्रात १.१ धरला जातो, तोही अनेक वस्त्यांमध्ये पूर्ण वापरला जात नाही, कारण लोक प्लॉट घेऊन तळमजल्याचे घर बांधतात आणि वरचा मजला मुलाच्या लग्नाच्या वेळी चढवतात. जिथे मूळ हक्काचे बांधकामच शिल्लक राहते, तिथे जादा एफएसआयचे आमिष दाखवून कोणता विकासक गरिबांची घरे बांधेल? सार्वजनिक कामासाठी आरक्षित जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या हस्तांतरणीय विकास हक्कांचे, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणाऱ्या बांधकामाच्या हक्काचे, टीडीआरचेही तेच आहे. पुण्यात त्याला गिऱ्हाईक असते, इथे तो कागद बराच काळ कपाटात पडून राहू शकतो. शिवाय उंच इमारतीला लिफ्ट लागते, लिफ्टला वीज आणि देखभाल लागते, आणि महिन्याला ५ हजारांचा हप्ता भरणाऱ्या कुटुंबावर आणखी हजार-बाराशेचा खर्च पडला की घर विकण्याची वेळ येते.

दुसरा चर्चेतला उपाय सर्वसमावेशक गृहनिर्माणाचा आहे. एक एकराच्या आसपास, म्हणजे ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर प्रकल्प करायचा असेल तर त्यातील २० टक्के हिस्सा लहान घरांसाठी किंवा लहान भूखंडांसाठी ठेवावा लागतो आणि ही घरे म्हाडाच्या सोडतीतून किंवा तिच्या यादीप्रमाणे पात्र कुटुंबांना ठरावीक किमतीला जातात. नाशिकला सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला गेलेल्या खानदेशी कुटुंबांना हा नियम थेट उपयोगाचा आहे. पण २०१३ मध्ये तो आला तेव्हा १० लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या महापालिकांपुरता ठेवला गेला आणि २०२० च्या नियमावलीनेही तीच चौकट घेतली. २०११ च्या जनगणनेत जळगाव शहराची लोकसंख्या सुमारे ४ लाख ६० हजार आणि धुळ्याची सुमारे ३ लाख ७५ हजार होती. म्हणजे दोन्ही महापालिका या चौकटीच्या बाहेर.

हा नियम जसाच्या तसा इथे आणावा, असे मी म्हणणार नाही. मोठी जागा एकराच्या आतील तुकड्यांत विभागून परवानगी घेतली की नियम टळतो, ही त्यातली उघड पळवाट आहे आणि लहान शहरात ती अधिकच सोपी जाईल. मात्र त्यातला भूखंडांचा भाग इथल्या राहणीला फार जवळचा आहे. जळगावच्या कडेला सदनिकांच्या मोठ्या योजना थोड्या आणि प्लॉटिंग जास्त. प्रत्येक अभिन्यासात पाचपैकी एक भाग ३० ते ५० चौरस मीटरच्या प्लॉटना राखून ठेवला, तर मजूर कुटुंब आधी एक खोली आणि संडास बांधेल, चार वर्षांनी दुसरी खोली काढेल आणि कर्ज बेताचेच राहील. नाहीतर आज काय होते? दीड-दोन हजार चौरस फुटांचाच प्लॉट मंजूर अभिन्यासात मिळतो, तो ऐपतीबाहेरचा असतो, म्हणून माणूस शंभर रुपयांच्या स्टँपपेपरवर एक गुंठा घेतो. असे तुकड्या-तुकड्यांनी विकलेले प्लॉट नियमित करण्यासाठी राज्याला २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा करावा लागला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉटसाठी वाढवावी लागली, यावरून नियमाने स्वस्त भूखंड मिळाला नाही तर लोक नियमाबाहेर तो शोधतात, हे पुरेसे स्पष्ट होते. आणि नियमाबाहेर उभ्या राहिलेल्या वस्तीला नंतर रस्ता, गटार, पाणी पुरवणे महापालिकेला कितीतरी महाग पडते.

आधी रस्ते, मग घरे

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या सगळ्या साखळीत सर्वांत जास्त वर्षे खाणारी कडी म्हणजे रस्ता, पाणी आणि गटार असलेली तयार जमीन. विकास योजनेच्या नकाशावर रस्ता रंगवलेला असतो, पण तो ज्या शेतातून जातो ते शेत कोणाचे तरी असते. संपादनाला पैसा लागतो आणि महापालिकेच्या तिजोरीत तो नसतो. आरक्षित जमीन १० वर्षांत ताब्यात घेतली गेली नाही, तर १९६६ च्या कायद्याचे कलम १२७ मालकाला नोटीस देण्याचा अधिकार देते आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण संपुष्टात येते. मालकाच्या दृष्टीने ही तरतूद न्याय्य आहे. शहराच्या दृष्टीने मात्र त्याचा अर्थ असा की शाळेची, बागेची किंवा बेघरांच्या घरांची जागा नकाशावर असूनही हातातून जाते.

यावरचा जुना आणि, माझ्या मते, या शहरांना सर्वांत योग्य उपाय म्हणजे नगररचना योजना, बोलीभाषेत टीपी स्कीम. तिची कल्पना खानदेशातील शेतकऱ्याला नवी वाटू नये. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली गावोगाव जमिनींचे एकत्रीकरण झाले, विखुरलेले तुकडे एकत्र आले आणि सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले, ते आपल्या वडील-आजोबांनी पाहिलेले आहे. टीपी स्कीममध्ये तशीच फेरमांडणी शहराच्या कडेला होते, फक्त तिचा हेतू शेती सोयीची करण्याचा नसून वस्ती वसवण्याचा असतो. एका पट्ट्यातील सगळ्या मालकांच्या जमिनी कागदावर एकत्र धरल्या जातात. त्यातून रस्ते, उद्यान, शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी आणि गरिबांच्या घरांसाठीचे भूखंड आधी बाजूला काढले जातात आणि उरलेली जमीन प्रत्येकाला त्याच्या मूळ क्षेत्राच्या प्रमाणात, चौकोनी आणि रस्त्याला लागून असलेल्या अंतिम भूखंडाच्या रूपाने परत मिळते. समजा, एकाची ४० गुंठे जमीन आहे आणि त्याला २४ गुंठे परत मिळाली. क्षेत्र घटले, पण वाटेचे वाद असलेल्या वाकड्या शेताच्या जागी बारा मीटर रस्त्यावरचा भूखंड आला. गेलेल्या जमिनीची भरपाई आणि योजनेमुळे वाढलेल्या किमतीतील प्राधिकरणाचा वाटा यांची वजावट होऊन हिशेब ठरतो आणि कायद्याने हा वाटा वाढलेल्या किमतीच्या निम्म्यापेक्षा अधिक घेता येत नाही. हिशेबाचे काम लवाद करतो. कोणाचीही जमीन पूर्ण जात नाही आणि महापालिकेला संपादनाचे कोट्यवधी रुपये एकरकमी उभे करावे लागत नाहीत.

ही पद्धत कुठे चालते, हे पाहायला खानदेशातल्या माणसाला लांब जावे लागत नाही. नंदुरबार-नवापूरच्या वाटेने सुरतेला गेलेली आपली किती घरे उधना, लिंबायत, डिंडोली भागांत आहेत! त्यांच्या मालमत्तेच्या कागदावर टीपी क्रमांक आणि अंतिम भूखंडाचा, म्हणजे एफपीचा क्रमांक असतो, कारण सुरत आणि अहमदाबाद ही शहरे प्रामुख्याने टीपी स्कीमवरच वाढत गेली आहेत. विशेष म्हणजे या पद्धतीचा उगम दोन्ही राज्यांचा सामायिक आहे. १९१५ चा मुंबई नगररचना कायदा तेव्हाच्या संपूर्ण मुंबई इलाख्याचा होता, त्यात सुरत होते तसे खानदेशही होते. पुढे महाराष्ट्रात विकास योजनेतील आरक्षण आणि संपादन यांवर भर राहिला, गुजरातने टीपी स्कीम धरून ठेवली. गुजरातच्या १९७६ च्या कायद्यात योजनेच्या क्षेत्रातील १० टक्क्यांपर्यंत जमीन सामाजिक व आर्थिकदृष्ट्या मागास घटकांच्या घरांसाठी राखण्याची तरतूद आहे. १९९९ मध्ये त्यांनी आणखी एक महत्त्वाची सुधारणा केली : मसुदा योजना मंजूर होताच रस्त्यांच्या जमिनीचा ताबा घेता येतो, अंतिम हिशेबाची वाट पाहावी लागत नाही. गतीचे खरे रहस्य इथे आहे. भरपाईचे वाद लवादापुढे वर्षानुवर्षे चालू राहिले, तरी रस्ता पडतो, जलवाहिनी टाकली जाते आणि घरे बांधायला सुरुवात होते.

तिथेही सगळे सुरळीत आहे, असे नाही. अंतिम मंजुरीला फार वेळ लागतो, हा तिथला जुना आक्षेप आहे आणि राखून ठेवलेल्या सगळ्या भूखंडांवर गरिबांची घरे झालीच, असेही नाही. आपल्याकडे नाशिकजवळ मखमलाबाद-हनुमानवाडी भागात टीपी स्कीम आणण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा काही शेतकऱ्यांनी तिला जोरदार विरोध केला. तो विरोध समजून घेतला पाहिजे. शहरालगतची दोन-तीन एकर जमीन ही त्या घराची एकमेव ठेव असते, मुलीचे लग्न आणि म्हातारपणाचे आजारपण तिच्यावर अवलंबून असते आणि ‘आज जमीन द्या, उद्या वाढीव किंमत मिळेल’ या आश्वासनावर विश्वास ठेवायला पूर्वीचा अनुभव त्याला आडवा येतो. म्हणून जळगावच्या किंवा धुळ्याच्या कडेला अशी योजना करायची असेल तर ती लहान ठेवावी लागेल, पहिल्या योजनेत रस्ता आधी करून दाखवावा लागेल आणि पाच-दहा गुंठेवाल्या मालकाची जमीन त्याच प्रमाणात न घटवता त्याला वेगळी सवलत द्यावी लागेल. एका ठिकाणी रस्ता आणि पाणी आलेले दिसले की शेजारचा शेतकरी स्वतः चौकशीला येईल.

धुळेकरांनी तर आपल्या शहराचा इतिहासच आठवावा. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने १८१९ मध्ये धुळे हे खानदेशचे मुख्य ठिकाण केले, तेव्हा सरळ रस्ते आणि आखीव पेठा आधी ठरल्या आणि व्यापाऱ्यांना घरांसाठी जागा नंतर दिल्या गेल्या. दोनशे वर्षांपूर्वी जो क्रम सुचला, तो आज उलटा झाला आहे : आधी वस्ती, मग खड्डे, मग रस्त्यासाठी मोर्चा.

घाईचा एक धडा

गतीबद्दल बोलताना जळगावने आपल्याच शहरातील घरकुलांचा अनुभव विसरून चालणार नाही. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तत्कालीन नगरपालिकेने सुमारे ११ हजार घरांची योजना हाती घेतली होती. त्यासाठी हुडको या केंद्र सरकारच्या गृहनिर्माण वित्तसंस्थेचे कर्ज काढले गेले. प्रत्यक्षात दीड हजाराच्या आसपास घरे पूर्ण झाली, बाकीची अर्धवट राहिली. जागांची मालकी, बिनशेती परवानगी आणि ठेकेदाराला दिलेल्या रकमा यांचे प्रश्न पुढे आले, २००६ मध्ये गुन्हा दाखल झाला आणि २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवले. त्या प्रकरणाची न्यायालयीन बाजू हा या लेखाचा विषय नाही. नियोजनाच्या दृष्टीने त्यातून एवढे दिसते की जमिनीची कागदपत्रे पक्की होण्याआधी कर्ज काढून काम सुरू केले, तर योजना वेगवान दिसते, पण ती थांबते तेव्हा वीस वर्षांसाठी थांबते. त्या कर्जाचे ओझे महापालिकेला अनेक वर्षे वाहावे लागले आणि तेवढा पैसा रस्ते-पाण्यावर खर्च करता आला नाही. ज्या कुटुंबांना ती घरे मिळायची होती त्यांची पुढची पिढी आता भाड्याच्या खोलीत संसार करते आहे, ही यातली सर्वांत दुखरी बाब आहे.

म्हणून परवानगीची मुदत कमी करताना मालकीची तपासणी मात्र कधीही कमी करू नये. उलट ती आधीच, प्रकल्प येण्याची वाट न पाहता करून ठेवावी. मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘माझे घर, माझा अधिकार’ या नावाने नवे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. २००७ नंतरचे हे पहिले धोरण असून २०३० पर्यंत ३५ लाख घरांचे लक्ष्य त्यात ठेवले आहे. शासकीय जमिनींची माहिती एकत्र करून भूमी बँक तयार करण्याचा विचारही त्यात आहे. खानदेशाच्या दृष्टीने ३५ लाखांच्या आकड्यापेक्षा मला ही भूमी बँक अधिक मोलाची वाटते. महसूल, पालिका आणि इतर खात्यांच्या ताब्यातील कोणती जमीन मोजलेली, वादमुक्त आणि रस्त्याला लागून आहे, याची यादी प्रत्येक तालुक्याला तयार असली, तर अनुदान आले त्याच वर्षी काम सुरू होऊ शकते.

ज्यांच्या डोक्यावर आधीच छप्पर आहे, पण नावावर जमीन नाही

शहरातील गरिबांपैकी बऱ्याच जणांना नवे घर दुसरीकडे नको असते. ते राहतात तिथेच पक्के घर हवे असते, कारण काम, शाळा आणि नातलग तिथे आहेत. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत यासाठी लाभार्थ्याने स्वतः घर बांधण्याचा घटक होता, त्यात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख मिळत. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यातही तो घटक आहे आणि घर कुटुंबातील महिलेच्या नावे किंवा संयुक्त नावे करण्यावर भर आहे. बांधकामाच्या दृष्टीने हा सर्वांत जलद मार्ग आहे : ठेकेदार नाही, निविदा नाही, गल्लीतला गवंडी आणि घरातली माणसे मिळून सहा-आठ महिन्यांत घर होते.

अडते ते एका कागदावर. जमीन नावावर नसेल तर अर्जच पुढे जात नाही. राज्य शासनाने शासकीय जमिनीवरील १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे पात्र कुटुंबांसाठी नियमित करण्याचा निर्णय घेतलेला आहे, पण तो अमलात आणायचा म्हणजे वस्तीची मोजणी, रहिवाशांची यादी, आरक्षणाची आणि पूररेषेची पडताळणी आणि शेवटी पट्टेवाटप, म्हणजे जमिनीच्या हक्काचे कागद देणे, एवढे सगळे करावे लागते. हे काम भूमापकांच्या हातात आहे आणि भूमापकांची संख्या तोकडी आहे. गृहनिर्माणाची गती वाढवण्यासाठी एखाद्या महापालिकेकडे थोडाच पैसा असेल, तर तो मी मोजणीच्या यंत्रांवर आणि मोजणी करणाऱ्या माणसांवर खर्च करीन. एक वस्ती मोजून पट्टे दिले की पुढची घरे लोक स्वतः बांधतात. नदीकाठच्या वस्त्यांचा मात्र अपवाद करावा लागेल. पांझरेच्या किंवा गिरणेच्या पूररेषेत पट्टा देणे म्हणजे त्या कुटुंबाला कायमचे धोक्यात बसवणे होय, तिथे जवळची पर्यायी जागा शोधणे हाच मार्ग आहे.

भाड्याच्या घरांकडे धोरणाचे लक्ष अलीकडेच वळले आहे. आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटक आहे. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत किंवा धुळ्याजवळ अवधानला कामाला येणारा तरुण पहिली काही वर्षे घर घेणार नाही, त्याला स्वच्छ खोली आणि पाणी हवे असते. औद्योगिक क्षेत्रांच्या आत किंवा लगत अशा खोल्या झाल्या तर सायकलीच्या अंतरावर काम मिळते. शहरापासून दहा किलोमीटरवर स्वस्त जमीन पाहून बांधलेली घरे अनेक ठिकाणी रिकामी पडतात, त्याचे कारण रिक्षाचे भाडे असते. महिन्याला दीड हजार रुपये येण्या-जाण्यात गेले, तर आपल्या हिशेबातला ५ हजारांचा हप्ता साडेतीन हजारांवर येतो आणि साडेपाच लाखांचे कर्ज चार लाखांच्याही खाली घसरते. त्यामुळे गरिबांसाठी जागा निवडताना जमिनीच्या दरासोबत कामाच्या ठिकाणापर्यंतचे अंतरही मोजले गेले पाहिजे.

नागरिकाला या सगळ्यात हस्तक्षेप करता येतो तो मुख्यतः एकाच वेळी, विकास योजनेचा सुधारित मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा. कायद्याप्रमाणे तो वीस वर्षांतून निदान एकदा नव्याने करावा लागतो आणि प्रसिद्धीनंतर ठरावीक मुदतीत कोणालाही लेखी हरकत किंवा सूचना देता येते, तिची सुनावणीही होते. बहुतेक हरकती आपल्या प्लॉटवरून रस्ता जातो म्हणून येतात. त्या द्याव्यातच, पण त्यांच्यासोबत काही सूचनाही जायला हव्यात : शहराच्या कोणत्या बाजूला टीपी स्कीम करणार आहात, तिचे क्षेत्र किती, अभिन्यासात लहान भूखंड किती टक्के ठेवणार, बेघरांच्या घरांसाठी दाखवलेल्या आरक्षणाच्या संपादनाला अंदाजपत्रकात कोणत्या वर्षी किती रक्कम आहे आणि कोणत्या वस्त्यांची मोजणी पहिल्या दोन वर्षांत होणार. अशी सूचना लेखी दिली की तिची नोंद होते आणि नियोजन समितीला तिच्यावर आपले मत अहवालात लिहावे लागते. मजूर संघटना, बचत गट आणि महाविद्यालयांचे भूगोल विभाग यांनी एकत्र बसून नकाशा वाचला, तर असा अर्ज तयार करायला एक रविवार पुरतो.